कोरड्या पोहऱ्याचा आवाज

भरलेला टँकर आमच्या वाडीची घाटी उतरतो तेव्हा ब्रेकचा आवाज माझ्या माजघरापर्यंत येतो. त्या दिवशी सकाळी तो आला आणि मी हातातलं निवडण तसंच ठेवून उठले. टँकरचा वार गुरुवार. आज मंगळवार होता, आणि मंगळवारी आमच्याकडे यायचे होते ते अनुदान देणाऱ्या संस्थेचे लोक.

मी चपला घालून बावीकडे गेले. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. टँकर नेहमी बावीशेजारच्या काळ्या टाकीत पाणी ओततो, पण आज त्याचा जाड पाइप थेट बावीत सोडलेला होता. पाणी धबाधबा खाली पडत होतं आणि काठावर सखाराम इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. वाडीतला हा जाणता माणूस, नात्यानं माझा दीर.

"भावोजी, हे काय चाललंय?"

"पावणे यायचेत ना वैनी! गुरुप्रसादनं मुंबईतनं फोन करून टँकर लावला. मंडळाच्या खर्चानं. म्हनला, बाबा, मोठे लोक येतायत, गावाची शोभा व्हायला नको."

गुरुप्रसाद त्याचा मुलगा, आमच्या गावाच्या मुंबई मंडळाचा सेक्रेटरी.

"अहो, ते लोक कोरडी बावच बघायला येतायत!"

"म्हनून काय तशी दाखवायची? पोरीला बघायला पावणे आले तर तुमी तिला फाटका लुगडा नेसवाल काय?"

"हे लग्न आहे का?"

"देनाराचं मन सगळीकडं सारखंच असतं, वैनी. रया गेलेल्याला कोन देतो?"

पाइपचं पाणी थांबलं. टँकरवाला रिकामी गाडी घेऊन घाटी चढून गेलासुद्धा. मी वाकून पाहिलं. बावीत पुरुषभर पाणी लखलखत होतं.

मी घरी येऊन मृणालीला फोन लावला. मृणाली माझी सून. वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कॉलेज आहे, तिथं भूगोल शिकवते. फोन वाजत राहिला. पाहुणे आधी कॉलेजात उतरणार होते, तेव्हा तिनं त्याचा आवाज बंद करून तो पर्समध्ये टाकला असणार. मी पुन्हा लावला. मग पुन्हा.

तिला काय वाटेल हे मलाच ठाऊक होतं, कारण दोन वर्षं ती रोज माझ्यासमोर बसून पैसे शोधत होती. काम तसं साधं. सड्यावरच्या कातळात चर मारायचे, जुनी डबकी उघडायची, कॉलेजच्या छपरांचं पाणी त्यांत सोडायचं, म्हणजे ते मुरत मुरत खाली वाडीच्या बावीला लागेल. मी या घरात आले तेव्हा सड्यावर कॉलेज नव्हतं. पावसाळ्यात वर इतकी डबकी भरायची की बेडकांच्या आवाजानं झोप लागत नसे, आणि दिवाळीनंतरसुद्धा गुरं तिथं पाणी प्यायची. तेव्हा बाव वैशाखात आटली असं कधी ऐकलं नाही. मग सडा सपाट झाला, इमारती आल्या, डांबर आलं, पक्की गटारं आली. आता पाऊस पडतो तो गटारातून पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, आणि पऱ्यातून समुद्राला जातो.

पण या कामाला पैसे कोण देणार? एका कंपनीनं कळवलं, आम्ही शाळा-कॉलेजांना देतो, पण कामाचा फायदा आवाराच्या आतच झाला पाहिजे. दुसरी संस्था म्हणाली, आम्ही गावांना देतो, मग जागा कॉलेजची कशी चालेल? पाऊस वर पडायचा आणि तहान खाली लागायची, हे कुणाच्याच एका अर्जात बसत नव्हतं. पुण्याच्या या संस्थेनं पहिल्यांदा म्हटलं, येऊन बघतो.

आणि थांबायला वेळ नव्हता. कॉलेजला त्याच जागेवर पार्किंग करायचं होतं. प्राचार्यांनी मृणालीला स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, या उन्हाळ्यात तुमचे पैसे आले तर जागा तुमची. नाहीतर मी काँक्रीट टाकतो." खडीचा ढीग येऊनही पडला होता. काँक्रीट पडलं की संपलं. मग बाव कायमची टँकरवर.

उन्हं चढली तशी वाडी बावीवर जमू लागली. बायकांनी काठ शेणानं सारवला होता. काशीनं रहाटाला दोर बांधला होता. काशीचं घर बावीला लागून. दोर तिच्याकडेच असतो.

त्या दोराची गोष्ट सांगायला हवी. आमच्या वाडीत पाहुण्याला घरातल्या हंड्यातलं पाणी देत नाहीत. त्याला बावीवर आणतात, त्याच्यासमोर पोहरा सोडतात आणि ताजं शेंदलेलं पाणी गुळाच्या खड्यासोबत हातात देतात. मी नवरी म्हणून आले तेव्हा उंबरठा ओलांडण्याआधी मला इथं उभं केलं होतं. काशीच्या सासूनं शेंदलेल्या पाण्यानं माझे दात शिवशिवले होते. अलीकडे चैत्रातच पोहरा तळाच्या दगडावर आपटतो. तो खडखडाट वाडीला सोसत नाही. म्हणून कुणाचे पाहुणे येणार असले की काशी दोर सोडून घरात नेऊन ठेवते, कुणी सहज म्हणूनसुद्धा पोहरा सोडू नये. त्या दिवशी किती तरी उन्हाळ्यांनी तिनं तो मिरवत बांधला होता.

"काशी, अगो, तू तरी सांगायचंस ना यांना," मी हळूच म्हणाले.

"काय सांगू? बावीत पानी बगून माज्या डोळ्यांत पानी आलं," ती म्हणाली. आणि खरोखरच डोळे पुसू लागली.

तेवढ्यात गाडी आली. मृणालीसोबत एक तरुण बाई उतरल्या, वेदिका मॅडम, आणि टोपी घातलेले एक इंजिनिअर. मी मृणालीला खुणेनं बाजूला बोलवत होते, पण ती पाहुण्यांना वाट दाखवत पुढे गेली.

"आणि ही ती बाव," ती म्हणाली. "मार्चमध्येच हिचा तळ..."

ती थांबली. इंजिनिअर वाकून पाहत होते.

"पाणी आहे की, मॅडम. एप्रिलअखेरीला एवढं म्हणजे चांगलंच म्हणायचं."

मृणालीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिनं बावीत पाहिलं, मग माझ्याकडे. वेदिका मॅडमनी हातातले कागद चाळले.

"तुमच्या प्रस्तावात फोटो कोरड्या विहिरीचे आहेत. ते याच विहिरीचे ना?"

"याच... हो, याच," मृणाली म्हणाली. तिचा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला. खोटे फोटो पाठवले असं त्यांना वाटणार, हे तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं. मी तोंड उघडलं. समोर सखाराम छाती काढून उभा होता, त्याच्यामागे सारी वाडी. एवढ्या लोकांत त्याला खाली पाहायला लावायचं? जीभ टाळूला चिकटली.

"बरं," वेदिका मॅडम कागद मिटून म्हणाल्या. "आम्हाला संध्याकाळच्या आत केळशीलाही एक जागा बघायचीय. निघायला हवं. फक्त घोटभर पाणी देता का? घसा सुकलाय."

काशी घरातल्या हंड्याकडे वळली.

"नको, आत कशाला जाता? याच बावीचं द्या ना. मृणाली मॅडम येताना तुमची पद्धत सांगत होत्या."

काशीनं सखारामकडे पाहिलं. सखारामनं मान हलवली नाही की डोलावली नाही. तिनं पोहरा सोडला, रहाट कुरकुरला, पोहरा वर आला. पाणी किंचित गढूळ होतं. तिनं तांब्या भरला, गुळाचा खडा ठेवलेली बशी पुढे केली. वेदिका मॅडमनी गूळ तोंडात टाकला आणि तांब्या ओठाला लावायला उचलला.

"त्ये पिऊ नका!"

सखारामनं पुढे होऊन तांब्या त्यांच्या हातातून काढूनच घेतला. पाणी त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर सांडलं.

"काय झालं?"

"त्ये... वापरायचं पानी हाय. खाडीपल्याडच्या कुठल्या तरी तळीतलं. टँकरनं सकाळी ओतलं. आमीच ओतलं." त्याला धाप लागली. "पावण्याला बावीवर उभा करून असलं पानी पाजायचं, ह्ये माज्यानं होनार नाय."

"पण का ओतलंत?" इंजिनिअरनी विचारलं.

"तुमी येनार म्हनून! दुसरं काय?"

मग काशी पदराआडून म्हणाली, "लुगडा नेसवला तिला," आणि दोन-तीन बायका तोंडावर हात धरून हसल्या. मृणाली मटकन काठावर बसली.

वेदिका मॅडम हसल्या नाहीत. "आजोबा, मला हे नुसतं ऐकून लिहिता येणार नाही. सकाळी विहीर भरली की टँकर आलाच नव्हता, हे मी कशावरून सांगू?"

आता मात्र माझी जीभ सुटली. "जेवायला थांबा," मी म्हणाले. "खालचा जांभा तहानलेला आहे. ओतलेलं पाणी तो धरून ठेवत नाही. तुमची जेवणं होईपर्यंत बघा."

त्यांनी इंजिनिअरकडे पाहिलं. ते घड्याळ बघत होते. "केळशी उद्या करू," शेवटी ते म्हणाले.

मी घावणे घातले, नारळाचा रस काढला. मृणाली वाढता वाढता खिडकीतून बावीकडे पाहत होती. आणि मला भलतीच भीती. आजच, नेमकं आजच पाणी तसंच राहिलं तर? आयुष्यभर ज्या बावीत पाणी राहावं म्हणून हात जोडले, तिथलं पाणी जावं म्हणून मी घावणे उलटताना देवीला विनवत होते.

उन्हं कलली तसे सगळे पुन्हा बावीवर आलो. आतल्या चिऱ्यांवर ओला पट्टा दिसत होता, पण तळाला सावली होती. पाणी आहे की गेलं, डोळ्यांना ठरेना.

"आजोबा, तुम्हीच सोडा पोहरा," वेदिका मॅडम म्हणाल्या आणि मोबाइल समोर धरला.

सखारामनं दोर हातात घेतला. दोर सरसर खाली गेला आणि पोहरा दगडावर आपटला. खडखडाट बावीतून वर आला, आणि आमच्यातल्या एकीनंही मान खाली घातली नाही.

"पुन्हा एकदा," मॅडम म्हणाल्या. त्यानं पुन्हा सोडला.

जाताना त्यांनी कसलाच शब्द दिला नाही. समिती ठरवेल, एवढंच म्हणाल्या. पुढचे दिवस मृणालीनं फोन उशाशी घेऊन काढले. माझंही घरात लक्ष नव्हतं, वरून कशाचा आवाज येतोय याकडेच कान.

आणि एका सकाळी आवाज आला. सड्यावर जड गाडीची घरघर, फावड्यांचा खणखणाट. काँक्रीटचं काम सुरू झालं, असंच माझ्या मनात आलं. मी तशीच निघाले. सड्याकडे चढणाऱ्या पायवाटेच्या पायऱ्यांवर दोनदा बसले. वर पोचले तर डंपर उभा होता आणि माणसं खडीचा ढीग उपसून त्यात भरत होती. पलीकडे मोकळ्या कातळावर मृणाली हातात चुना घेऊन वाकली होती आणि चरांच्या रेघा मारत होती. तिनं मला पाहिलं.

"आई, एवढं चढून कशाला आलात? इथं आले तर मंजुरीचं पत्र आलेलं, प्राचार्यांनी लगेच डंपर बोलावला. फोन करणारच होते."

मी चपला काढून त्या तापलेल्या कातळावर, पहिल्या रेघेच्या अलीकडे, नुसती उभी राहिले.