मायेचा अर्धा डोस

सध्या आमच्या घरात जंतांना वाचवण्याची मोहीम सुरू आहे. पत्रकं वाटलेली नाहीत, एवढंच.

झालं असं, की काकांनी बावीस वर्षं आमच्या बासष्ट मेंढ्यांना जंतांचं औषध नजरेच्या अंदाजाने पाजलं. कोकराला आणि धिप्पाड मेंढ्याला माप एकच. समान न्याय. त्यात मोठ्यांना नेहमीच कमी पडलं आणि त्यांच्या पोटातल्या जंतांना चांगली तालीम मिळाली. यंदा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी औषधाआधी आणि नंतर चौदा दिवसांनी लेंड्या तपासल्या. जंतांची अंडी जेवढीच्या तेवढी. पांढरं औषध बाद, पिवळंही बाद. उरली निळी बाटली. तीही जंतांच्या अंगवळणी पडली, तर कोकरं वाचत नाहीत.

"म्हणून सरसकट पाजायचं नाही," बाई म्हणाल्या होत्या. "खालची पापणी ओढून बघा. जंतांनी रक्त पिऊन पांढरी पडली असेल तर वजन करून पूर्ण डोस. लाल असेल तर हातही लावू नका. तिच्या पोटात साधे जंत राहू देत. ते औषधाला दबतात. सगळे साधे मारलेत, तर राज्य औषधाला न जुमानणाऱ्या कोडग्यांचं."

"म्हणजे जंत पाळू मी?" काका.

"थोडे."

"बारसं पण करतो."

आज सकाळी काम काढलं. उद्या कळप नव्या कुरणावर जायचा होता. काकू काट्यावर वजन वाचत होती, मी पापण्या ओढत होते, काका पिचकारी घेऊन येरझारा घालत होते. माणूस एका जागी ठरेना. लाल पापणीची मेंढी बिनऔषधाची सुटली, की त्यांच्या तोंडून बसमध्ये पाकीट मारलं गेल्यासारखा आवाज येई.

मग मावशी आली. मावशी ही मेंढी. नात्यातली नाही, पण मान तेवढाच. बाटलीच्या दुधावर काकांनी वाढवलेली. पापणी लालबुंद.

"सोडा तिला," मी म्हटलं.

"वयस्कर आहे गं."

"काका, तुम्ही पण वयस्कर आहात. तुम्हाला पाजू?"

"तोंड बघ हिचं!" हे मला की मावशीला, कळलं नाही.

एकोणीस मेंढ्यांना डोस झाले. कागदावर बेरीज एकशे नव्वद मिली. पाचशेच्या बाटलीत तीनशे दहा उरायला हवं होतं. उरलं तीनशे पाच.

"सांडलं असेल," काकू म्हणाली.

मी जमीन बघितली. कोरडी. काकांकडे बघितलं. ते आभाळ बघत होते आणि आभाळात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"काका?"

"मावशीला अर्धाच दिला," ते म्हणाले. "पूर्ण द्यायला मनाई होती ना? मी नियम अर्धा पाळला."

अर्ध्या डोसाने साधे जंत मरतात, कोडगे शिकून बाहेर पडतात. बावीस वर्षांची चूक, फक्त आता मोजून मापून. मी बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "उरलेले पाच आत्ताच्या आत्ता पाजा. बाकीच्या बेचाळीस बिनऔषधाच्या आहेत, निभावेल. पण पुन्हा असं झालं तर निळी बाटली पाणी समजा."

काकांनी स्वतःच मावशीला गुडघ्यात धरलं. पिचकारी तोंडाच्या कोपऱ्यातून आत घातली. पाच मिली. एक थेंब बाहेर नाही.

मग बाटली त्यांनी काकूच्या हातात दिली.

"ही कुलपात ठेव. किल्ली कुठे ठेवलीस ते मला सांगू नकोस."

"विचारलंत तर?"

"तर खोटं सांग. माझा हात मायाळू आहे गं. त्यानंच घात केलाय."

काकू बाटली घेऊन आत गेली. कपाटाचं दार वाजलं.

आता चौदा दिवस थांबायचं, मग पुन्हा लेंड्या. काका त्यातला पहिला तास फाटकाशी उभे राहून काढताहेत. मधेच एखादी मेंढी धरतात, पापणी ओढतात, सोडतात. दोन्ही हात मागे बांधतात आणि पुन्हा पुढची धरतात.