लाथा झाडणारं गिऱ्हाईक

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. साधंसुधं नव्हे, शिंप्याचं. आज माझ्या पाठीवर शेळी उभी आहे आणि तिच्याबद्दल लोक वाटेल ते बोलतात. म्हणून खरं काय घडलं, ते एका जबाबदार व्यक्तीने सांगितलेलं बरं.

माझा जन्म एका मोडक्या दाराच्या फळ्यांतून झाला. त्यामुळे कोणाला आत घ्यावं आणि कोणाला बाहेर ठेवावं, याची समज मला उपजतच आहे. पुढे माझ्या पाठीवर अर्ध्या वस्तीचे कपडे बेतले गेले. कोणाचं पोट कधी सुटलं, हे त्यांच्या बायकांच्या आधी मला कळत असे. पण मी कधी तोंड उघडलं नाही.

माझ्या मालकांना सगळे मास्तर म्हणत. त्यांच्या दुकानाचा एक नियम होता. गिऱ्हाइकाने कुरकुर केली, की कपडा ताबडतोब अंगावरून उतरवायचा, "चुकलं आमचं" म्हणायचं आणि चहा पाजायचा. या नियमामुळे मास्तरांचं नाव झालं. काही गिऱ्हाइकं तर कुरकुर करायला बरोबर चहाच्या वेळेलाच येऊ लागली. मास्तरांच्या बायकोला हे दिसत होतं. तिला सगळंच दिसतं.

मग मास्तरांचे डोळे अधू झाले. सुईत दोरा जाईना, खडूची रेघ दिसेना. दुकान बंद झालं. माझी रवानगी परसात झाली आणि माझ्यावर फुटक्या कुंड्या, गंजलेली इस्त्री आणि शेजाऱ्याची मांजर येऊन बसली. मास्तर खुर्चीत बसून स्वतःच्याच सदऱ्याची बाही दोन बोटांत चोळत राहत. हात जागे होते, त्यांना काम नव्हतं. मास्तर आणि मी असे दोघं एकाच वेळी निवृत्त झाल्यावर घरात जी शांतता होते, ती मी परसातून ऐकत होतो.

एक दिवस त्यांची लेक शेळी घेऊन आली.

"बाबा, धार काढायला डोळे लागत नाहीत. हात लागतात, आणि तुमच्यासारखे हात कोणाकडे आहेत?"

"आणि गुडघे?" आई म्हणाली. "ते तर तुझे बाबा लग्नातच विसरून आले."

मास्तरांना खाली बसता येत नव्हतं, म्हणून शेळीलाच वर चढवायचं ठरलं. तिला चढता यावं म्हणून सुताराने माझे चारही पाय गुडघ्यातून कापले. चौथा जरा जास्तच कापला. मी तेव्हापासून डुगडुगू लागलो. सुतार म्हणाला, "लाकूड जुनं झालंय." आपली चूक दुसऱ्याच्या वयावर ढकलण्यात माणसाचा हात कोणी धरू शकत नाही.

शेळी पांढरीशुभ्र होती आणि चेहरा असा, की उद्‌घाटनाला बोलावून ताटकळत ठेवलेली प्रमुख पाहुणी. ती पहिलटकरीण होती. जुन्या मालकाकडे राहिलेल्या पिल्लाशिवाय तिच्या कासेला कोणाचाही स्पर्श झालेला नव्हता. मास्तरांनी थेट सडाला हात घातला, आणि पुढच्या क्षणी बादली कुंपणापाशी होती.

"चुकलं आमचं बाई," मास्तर म्हणाले. हात काढून घेतला आणि तिला ओंजळभर दाणे दिले.

पुन्हा हात, पुन्हा लाथ, पुन्हा दाणे. असं रोज चाललं. लाथेची जात सुधारत गेली, दाणे संपत गेले. वाटीभर दूध निघे, तेही जमिनीवर. शेवटी तर मास्तर नुसते परसात आले, की ती पाय उचलून तयार असे.

"कास दगडासारखी झालीय तिची," मास्तरांच्या बायकोने सुनावलं. "जनावर आजारी पडेल. शनिवारच्या बाजाराला हिला जुन्या मालकाकडे धाडू. आणि या टेबलाचं करते सरपण."

मित्रांनो, 'सरपण' हा शब्द कानी पडल्यावर लाकडाला काय वाटतं, ते मी सांगत बसत नाही. ती आत गेल्यावर मास्तरांनी माझ्या कडेवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "ही गेली, तर सकाळी उठायचं कशासाठी रे?" मी थोडा डुगडुगलो.

शुक्रवारी मास्तरांची बायको उंबऱ्यात भाजी निवडत होती. धडाम! बादली गेली. मास्तरांनी दाण्यांत हात घातला आणि बायको एकदम हसत सुटली.

"अहो, ही शेळी कुठली? हे तर तुमचं जुनं गिऱ्हाईक! लाथ मारली की तुम्ही हात काढता, वर खाऊ देता. दूध राहिलं बाजूला, तुम्ही तिला लाथा मारायची शिकवणी लावलीय!"

"अगं, पण ती नाराज होते."

"होऊ दे की. ते पोस्टातले साहेब आठवतात? टेप दिसला की उड्या मारायचे. त्यांचं माप कसं घ्यायचात?"

"आधी खांदा," मास्तर म्हणाले. "मग पाठ. गप्पा मारत मारत. हात उचलायचा नाही, नुसता सरकवायचा..."

आणि ते बोलता बोलता थांबले.

शनिवारी सकाळी शेळी माझ्यावर चढली. मी डुगडुगलो, तिने चारही पाय ताठ केले. मास्तरांनी खाली वाकून माझे पाय चाचपले. "हिला उभं राहायला तरी धड जागा आहे का! सुताराने माप घ्यायला शिंप्याला बोलवावं." त्यांनी एका चिंधीची घडी करून माझ्या आखूड पायाखाली सरकवली. मी गपगार उभा राहिलो.

मग दाणे आधीच समोर ठेवले. बादली लांब ठेवली. हात मानेवर, खांद्यावर, पाठीवर. "काय कापड आहे हो तुमचं! शिवण कुठे दिसत नाही." हात पोटाखाली गेला. लाथ बसली. हात तिथेच राहिला. आणखी एक बसली.

"झालं? आज चहा नाही हं."

शेळीने मान वळवून पाहिलं. एवढी वर्षं मी गिऱ्हाइकं पाहिली, पण असा फसवल्याचा चेहरा पाहिला नव्हता. ती स्थिर झाली, तेव्हाच मास्तरांनी हात काढला आणि तिला थोपटलं. पुन्हा ठेवला, पुन्हा थोपटलं. मग बादली आली. तिने पान्हा सोडला आणि बादलीच्या बुडावर पहिली धार वाजली.

लेक दावं घेऊन दारात आली, बाजाराला न्यायला.

"दावं ठेव खाली," आई कुजबुजली. "बाबांचं गिऱ्हाईक आहे."

आता मास्तर रोज डोळे मिटून धार काढतात. कधीमधी लाथ बसते, कारण तिलाही आपला मान आहे. कुंड्या आणि मांजर यांनी दुसरी जागा पाहिली आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातलं जुनं काही डुगडुगायला लागलं, तर त्याला लगेच सरपणात काढू नका. खाली वाका, कोणता पाय आखूड पडलाय ते चाचपून बघा. एखादी चिंधी पुरते. आणि त्याने रागाने लाथ झाडलीच, तर हात काढून घेऊ नका. थोडा वेळ तिथेच राहू द्या.