मधली लेन

या, असे जवळ या. मागच्यांनी जरा पुढे सरकावं. गोष्ट लहान आहे, लांबून ऐकाल तर निसटून जाईल. देवाचं नाव घेऊन आज एका बापाची गोष्ट सांगतो.

बाप तलावाच्या काठावर उभा राहून जाळीनं पाण्यातली पानं काढत होता, आणि परगावच्या कॉलेजचे पोहण्याचे प्रशिक्षक त्याला विचारत होते, “तुमची मुलगी जाताना डावीकडे श्वास घेते, येताना उजवीकडे. हे कुणी शिकवलं तिला?”

“शिकवलं कुणीच नाही, सर. मी या काठाला असतो ना.”

त्या पोहण्याच्या तलावाची राखण त्याच्याकडे. पोरीचं घरातलं नाव चिमणी, पण राहायची पाण्यात. लहानपणी पाण्याला घाबरायची, म्हणून तो काठाकाठानं तिच्याबरोबर चालायचा. श्वासाला मान वळवली की बाप दिसायचा. भीती केव्हाच गेली, चालणं राहिलं.

“काठाजवळ ठीक पोहते,” प्रशिक्षक म्हणाले. “मधल्या लेनमध्ये टाकली की डोकं वर काढून तुम्हाला शोधते, आणि तिथेच मागे पडते. कॉलेजात काठावर मी असेन, तुम्ही नाही. शनिवारी इथेच शेवटची चाचणी. ठरलेली वेळ साधली तर कॉलेजात जागा. नाहीतर माझ्या हातात काही नाही.”

त्या दिवसापासून बापाचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. काढलेली पानं पुन्हा पाण्यातच झटकायचा. जेवता जेवता उठून दाराशी जाऊन यायचा, कशाला ते त्यालाही ठाऊक नसायचं.

“अहो, बसा की एका जागी,” बायको म्हणाली. “पोरगी पोहायला चाललीय, बुडायला नाही.”

“मी दिसलो नाही की डोकं वर काढते गं ती.”

“मग तुम्ही सारखे दिसत राहिलात तर ती शिकणार कधी?”

देवापुढे हात जोडले, तर मागावं काय तेच सुचेना. जागा मिळू दे म्हणावं तर घर सुनं होणार. मिळू नको देऊ म्हणायला जीभ रेटेना.

शनिवारी चिमणी मधल्या लेनच्या टोकाला उभी राहिली. सवयीनं काठाकडे पाहिलं, तो होता. शिट्टी झाली, तिनं उडी घेतली, आणि इकडे त्यानं पाठ फिरवली. थेट तलावाच्या पंपाची मोटार असलेल्या खोलीत गेला आणि आतून कडी घातली.

खोली ती केवढीशी, पण पाय काही थांबेनात. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, तिच्या वेगानं, त्याच्या येरझारा सुरू झाल्या. बाहेरून प्रशिक्षकांचा आवाज आला, “डोकं खाली!” थोड्या वेळानं पुन्हा, “अगं, डोकं खाली ठेव!” त्याचा हात कडीवर गेला. देवा, आता तू चाल तिच्याबरोबर, असं म्हणत त्यानं तोच हात काखेत दाबून धरला.

मग ओरडणं थांबलं. नुसता पाणी कापल्याचा आवाज, एकसारखा.

शेवटी दारावर थाप पडली. ओलीचिंब चिमणी उभी.

“कुठे होतात, बाबा?”

“मोटार बघत होतो.”

“मोटार तर बंद आहे.”

“म्हणून तर बघत होतो.”

“मला वाटलं, पाण्यात पडलात की काय.”

“मग?”

“म्हटलं, आधी पोहून घेऊ, मग काढू तुम्हाला.” ती हसली. डोळे लाल होते, पाण्यानं असतील. “वेळ साधली, बाबा.”

जाण्याच्या दिवशी बसमध्ये तिला नेमकी पलीकडची खिडकी मिळाली. आई लगबगीनं निघाली, “अहो, चला ना, तिकडून दिसेल ती.”

“तू जा,” तो म्हणाला. “मी इथेच बरा आहे.”

बस सुरू झाली. माणसांच्या आणि पिशव्यांच्या फटीतून तिची मान क्षणभर दिसली. ती पुढे बघत होती. धूळ खाली बसेपर्यंत तो तसाच उभा राहिला, दोन्ही पाय जुळवून, जागचा न हलता.

आज निजताना देवाचं नाव घ्याल, तेव्हा बाबांनो, त्या उभ्या राहिलेल्या बापाचीही आठवण असू द्या.