अनंतावरचे सुरवंट

२०१८ सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. नात एलिना सुट्टीला मालवणात आमच्याकडे आली होती. सकाळी दहाच्या उन्हात तिने मला ओढतच अंगणात नेले. कुंपणावरच्या पिटकुळीच्या तांबड्या घोसापुढे एक हिरवट पाखरू हवेतच थांबून लांब सोंडेने मध पीत होते. पंख काचेसारखे, आरपार. मी म्हटले, पक्षी. ती म्हणाली, पतंग, पण दिवसा उडणारा. मग मला आठवले, माझ्या माहेरी देवबागला असे दहा-दहा दिसत. आता कुठे गेले कोण जाणे, म्हणून मी हळहळलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे मी अनंताच्या झाडावरचे हिरवे, शेपटीला शिंग असलेले सुरवंट वेचून कोंबड्यांना टाकत होते. एलिनाने माझे मनगट धरले.

"आजये, थांब. कालचो पतंग ह्येचोच जाता."

म्हणजे या सुरवंटांचेच ते पतंग होत, आणि लग्न होऊन आल्यापासून मीच त्यांना कोंबड्यांच्या पोटी घालत होते!

पण त्या वर्षी वाडीच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसापाशी, लदीन ही सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना म्हणायची पाळी आमची होती. सासूबाईंच्या काळापासून आमच्या पाळीला खुरसाला अनंताचाच हार. सुरवंट राहिले तर हार जाणार. दोन दिवस मी झाडाभोवती नुसती फिरले. तिसऱ्या दिवशी कोंबड्या खुराड्यात कोंडल्या.

आठवड्यात झाडाच्या काड्या उरल्या. कळ्याही गेल्या. नणंद एस्पेरांसा येऊन बघून गेली. जाताना म्हणाली, "यंदा खुरसाक खराटो घालतलंस गो?"

मी पिटकुळीचा हार केला. संध्याकाळी लदीन सुरू झाले. एस्पेरांसाचा सूर सगळ्यांच्या वर, आणि माझ्याकडे ती बघेना. अर्ध्यावर तो सूर अडखळला. हारापाशी पतंग आला होता, या फुलातून त्या फुलात सोंड घालत. एस्पेरांसाने हात लांबवून जवळची मेणबत्ती जरा बाजूला सरकवली आणि पुढची ओळ उचलली.

एस्पेरांसा दोन वर्षांनी गेली. शेवटपर्यंत ती त्याला पक्षीच म्हणायची. एलिना वैभववाडीच्या शाळेत शिकवते. कोंबड्या मी शेजारच्या राधाबाईला देऊन टाकल्या, अंडी तिच्याकडूनच येतात. अनंत त्याच पावसात पुन्हा फुटला. आमची पाळी आली की हार मात्र पिटकुळीचाच असतो.