सत्तावीस नंबरचा गाऊन

"तो फोटो उतरवा," मावशी म्हणाल्या. "ह्या त्या न्यायाधीशबाई नव्हेत."

स्टुलावरच्या लेखनिकाने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "मावशी, अकरा वाजता पाहुण्या येतायत. आता घोळ घालू नका."

विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर नामवंत माजी विद्यार्थी ओळीने लागले होते. विमानं बनवणारा, एक नटी, साथीच्या रोगांची डॉक्टर आणि आजच्या पाहुण्या न्यायाधीशबाई. पदवीदानाच्या जुन्या फोटोंवर नावं नव्हती. मग लेखनिकाने डोकं चालवलं. गाऊनच्या छातीवर शिवलेला नंबर बघायचा आणि तो गाऊन कुणाला दिला होता, ते वहीत शोधायचं. सत्तावीस नंबर न्यायाधीशबाईंचा निघाला.

वही मावशींचीच. गाऊन वाटायचे, परत घ्यायचे, उसवलेले शिवायचे, यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती.

"तुमचंच अक्षर आहे," लेखनिक म्हणाला.

"असेल. पण ती पोरगी ताडमाड. सत्तावीस तिच्या गुडघ्यापर्यंतही पोचेना. माझ्या लेकीचा गाऊन पायात येत होता. ऐन वेळी दोघींचे गाऊन बदलले, आणि वहीत लिहायचं राहिलं."

"म्हणजे ही..."

"माझी लेक."

लेखनिकाने फोटोकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं. "अरेच्चा, हनुवटी तर तुमचीच!" मग आवाज खाली आणून म्हणाला, "राहू दे ना. त्या टोपीखाली कोण ओळखतंय? दिसू दे आपली पोरगी भिंतीवर."

मावशींना मोह झाला. खोटं कशाला बोला, सकाळपासून त्या तिथून तीनदा उगाचच गेल्या होत्या. पदवी घेऊन लेकीने पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. एवढं शिकून हातात पाना! त्या सगळ्यांना एकदा या भिंतीसमोर उभं करावं, असं त्यांना फार वाटलं. त्यांनी लेकीला फोन लावला.

"मी न्यायाधीश?" लेक खो खो हसली. "मग पहिला मामाला आत टाकते!"

"थट्टा पुरे. ठेवू का काढू?"

"ठेव की! दुपारी गिऱ्हाइकांना घेऊनच येते बघायला."

मावशी परत फोटोसमोर आल्या. चेहरा आपला, खाली नाव परक्याचं. पोरीने एवढी मेहनत केली, ती काय दुसरीच्या नावाखाली उभी राहायला?

"उतरा खाली," त्या लेखनिकाला म्हणाल्या आणि स्वतःच स्टुलावर चढल्या.

वहीत लेकीच्या नावापुढचा नंबर बघितला आणि खरा फोटो दहा मिनिटांत सापडला. न्यायाधीशबाई आल्या, फोटो बघून म्हणाल्या, "अगंबाई, केवढी काटकुळी होते मी!" आणि मावशींचा हात धरून खूप वेळ हसल्या.

संध्याकाळी मावशी उतरवलेली फ्रेम घेऊन दुकानात गेल्या. लेक एक पंप उघडून कोपरापर्यंत आत हात घालून बसली होती. शेजारी गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं. त्याने फ्रेमकडे मान वळवली.

"ह्या कोण हो?"

"तुमच्या पंपात हात घालून बसल्यात ना, त्याच," मावशी म्हणाल्या आणि भिंतीवर खिळ्याला जागा शोधू लागल्या.