कमरेइतका ढीग

व्हर्लीनला गल्ल्यांच्या या स्पर्धेतून मिळणार तरी काय होतं? 'वेस्ट फिलाडेल्फियाची सर्वांत हिरवी गल्ली' अशी पितळी पाटी, तीही नेमकी तिच्या दारासमोरच्या खांबावर. खाली गल्लीची कॅप्टन म्हणून तिचं नाव. आणि रविवारी चर्चमध्ये पलीकडच्या गल्लीच्या रोझेटाचा उतरलेला चेहरा. खरं सांगायचं तर पाटीपेक्षा तो चेहराच तिला जास्त हवा होता.

दर वसंतात ती प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा थापायची, केकसारखा गुळगुळीत. दारचा जुना मेपल लाडका, म्हणून त्याला थेट कमरेइतका ढीग.

समोरच्या अर्नेस्टीननं मात्र आपल्या दारात झाड लावू दिलं नव्हतं. "झाडं पडतात," एवढंच तिचं म्हणणं.

"अगं, माणसंही पडतात. तू बर्फात दोनदा आपटलीस, तुला कुणी उपटून टाकलं का?"

"मी आपटले तर माझं कंबरडं मोडतं. तुझं हे धूड आपटलं तर?"

"आणि त्याच धुडाच्या सावलीत खुर्ची टाकून बसतेस, त्याचं काय?"

मे महिन्यात झाडं तपासणारी एक मुलगी आली. तिनं ढिगात हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला. "बाई, हे सगळं काढा. आत साल कुजतेय. भुशात फुटलेली मुळं खोडालाच आवळतायत. ढीग काढून मला बोलवा, मग बघू झाड वाचतंय का."

"काढते की. शनिवारी परीक्षक येऊन जाऊ देत."

परीक्षक आले, ढिगांवर खूश झाले, पाटी लागली. ढिगासकट फोटो चर्चच्या फळ्यावर झळकला. आता तो काढायचा कुठल्या तोंडानं?

पानं रंगायला अजून दोन महिने होते, तरी ऑगस्टमध्येच मेपलची एक फांदी लालभडक झाली. पोरी तिच्याखाली उभ्या राहून फोटो काढू लागल्या. अर्नेस्टीननं खुर्ची घरात नेली. पावसानंतर बुंध्याशी अळंब्यांच्या करड्या छत्र्या उगवल्या. व्हर्लीननं त्या पायानं मोडल्या आणि वर ताजा भुसा ओतला.

मग एका संध्याकाळी तिला मेपलच्या बुंध्याशी, घराच्या बाजूनं, जमिनीत भेग दिसली. वारा आला की ती उघडायची, पडला की मिटायची. झाड मुळासकट हलतंय, हे व्हर्लीनला कळलं. पण रविवारी चर्चच्या बायका गल्ली बघायला येणार होत्या. रोझेटासुद्धा. झाडं तपासणाऱ्या त्या मुलीला सोमवारी फोन करू, असं तिनं ठरवलं.

"ती भेग कसली गं?" अर्नेस्टीननं पलीकडून हाक मारली.

"कुत्र्यानं उकरलंय!" भेगेवर भुसा सारत व्हर्लीन म्हणाली. "किती भिशील! शनिवारी ऊन आहे म्हणतात, आण ती खुर्ची बाहेर."

"तू म्हणतेस म्हणून हं," अर्नेस्टीन म्हणाली.

शनिवारी ऊन होतं. दुपारी वाराही सुटला. फार नाही.

मेपल रस्ता ओलांडून समोर पडला, थेट अर्नेस्टीनच्या खुर्चीवर. उघड्या पडलेल्या बुंध्याला मनगटाएवढी मुळं गळफासासारखी वेढून होती. व्हर्लीनच्या घराची काचही तडकली नाही. पाटी अजून चकचकीत आहे. रोझेटा रविवारी आली, पण काळ्या कपड्यांत, आणि तिनं पाटीकडे पाहिलंही नाही. गल्लीची सावली गेली, मेपल गेला. बाकी सगळं फेडलं ते अर्नेस्टीननं, जिनं आपल्या दारात एक रोपही लावू दिलं नव्हतं.