होयबाचा डावा पाय

पडद्यांच्या दुकानात शिडीवरून उतरताना होयबाचा डावा पाय मुरगळला आणि तिथून पुढचा सगळा घोळ झाला. होयबा हे नाव दुकानातल्यांनीच ठेवलेलं. मालक असो, गिऱ्हाईक असो, दारावरचा विक्रेता असो, हा माणूस कुणाला कधी नाही म्हणाला नव्हता. बायकोच्या मते त्याच्यापेक्षा भिंतीशी बोललेलं परवडलं, भिंतीला निदान कधीतरी पोपडे येतात.

सूज उतरल्यावर फिजिओथेरपिस्ट बाई घरी आल्या. त्यांनी त्याच्या नडगीवर बोट ठेवलं.

"हा पुढचा स्नायू पंजा वर ओढतो. मागची पोटरी टाच ओढते, म्हणून पंजा खाली जातो. वर-खाली म्हणजे हो. बाहेरच्या बाजूचे स्नायू तळवा बाहेर वळवतात, आतले खोलवरचे आत वळवतात. आत-बाहेर म्हणजे नाही. घरच्यांनी प्रश्न विचारायचे, पायानं उत्तरं द्यायची. म्हणजे कंटाळा येत नाही." सगळ्याच पेशंटना त्या असंच शिकवायच्या. जाता जाता म्हणाल्या, "पोटरीत गोळा आला तर पंजा स्वतःच वर ओढा. पुढचा ओढायला लागला की मागचा मुकाट ढिला पडतो."

होयबानं व्यायाम इतका मनावर घेतला की पाय आपणहून उत्तरं द्यायला लागला. एकदा थोरला भाऊ एक अवाढव्य कपाट घेऊन दारात उभा राहिला. "थोडे दिवस तुमच्याकडे ठेवतो."

"ठेव की, दादा," होयबा म्हणाला. स्टुलावरचा पाय मात्र आत-बाहेर, आत-बाहेर.

"भाऊजी, तो नाही म्हणतोय," बायको म्हणाली.

"कोण?"

"पाय."

थोरल्यानं पायाकडे पाहिलं. "खरंच नाही म्हणतोस?" पायानं जोरात वर-खाली केलं. कपाट आल्या पावली परत गेलं.

मग दुकानाचा मालकही वाकून पायाशीच बोलायला लागला, आणि सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावणं बंद झालं. घरात कळलं की इतकी वर्षं मिटक्या मारत खाल्लेला भोपळा त्याला मुळीच आवडत नव्हता. बायको पोट धरून हसली. आणि हसता हसता एकदम थांबली. लग्नाचं तिनंच विचारलं होतं. तो लगेच हो म्हणाला होता. भोपळ्यालाही तो लगेच हो म्हणाला होता.

त्यानंतर ती त्याला घरातही जाड मोजा घालायला लावायची. पण मोज्याआडचा पाय तिला चैन पडू देईना. शेवटी एका दुपारी तिनं समोर बसकण मारली आणि मोजा ओढून काढला.

"एक विचारायचंय. तुला नाही, त्याला."

"विचार की," तो सवयीनं म्हणाला. पाय आत-बाहेर हलला.

तरी तिनं विचारलं. "तुला माझ्याशी लग्न करायचं होतं का? मनापासून?"

पाय हललाच नाही. बोटं आखडली, पंजा खाली ताठला आणि होयबा कळवळला. पोटरीत गोळा आला होता, दगडासारखा. तिनं पंजा दोन्ही हातांत धरून वर ढकलायला घेतला.

"सोड," तो म्हणाला.

"अरे, दुखतंय ना?"

"दुखू दे. तू ढकललास तर ते तुझं उत्तर होईल."

तिला फार भीती वाटत होती, पण तिनं हात काढून घेतले. त्याला दरदरून घाम फुटला. नडगीपुढचा स्नायू कातडीखाली टरारून आला आणि पंजा थरथरत वर सरकायला लागला. मागची पोटरी मुकाट ढिली पडली. पंजा खाली आला, पुन्हा वर गेला.

तिचे डोळे भरून आले. "हे पायानंच केलं ना?"

"नाही," होयबा चक्क तोंडानं म्हणाला. "मी केलं. आणि भोपळा बंद कर."